पत्रा, पुठ्ठा आन कळक

ऐक गं हिरे, नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, आन तुज्या भावाचं नाव आलं म्हणून उठून बी जायचं न्हाई. कबूल? तू फाल्गुनात नांदायला गेलीस, आता पंचमीला माहेरी आलीस. मधल्या पाच म्हयन्यांत हितं कुरवंड्यात काय झालं ते तुला कुणीच नीट सांगायचं न्हाई. तुजी आय सांगंल, पण तिला निम्मंच ठावं हाय. समदं मला एकटीला ठावं हाय.

तर चिल्लर गेली. गेली म्हंजे पार गेली. तू होतीस तवाच कमी झालती, पण तू गेल्यावर तर पाच पैशाचं नाणं दिसलं की माणसं उलटून-पालटून बघायची. चिमामावशीचं नागफणी डोंगराच्या वाटंवरचं च्याचं दुकान, चार मेढी आन वर गवत, त्याच्यावर आमी दोघी जगतो, मावशी आन मी. तितं एक दिस मुंबैचा एक गडी आला, च्या प्याला आन रुपयाची नोट दिली. वीस पैशाचा च्या! मावशीनं डबा उपडा केला, आत पाच पैसं आन एक सदऱ्याचं बटण. मावशी म्हणली, "भाऊ, ऐंशी पैसं कुटनं देऊ?" त्यो म्हणला, "मग अजून चार कप द्या." आन प्याला गं! बसून पाचच्या पाच कप प्याला. उतरताना तीन ठिकाणी झाडामागं गेला, तुज्या भावानं, शिदूनं मोजलं.

चिल्लर कुटं गेली ह्याच्यावर दुकानात रोज भांडणं. कोण म्हणायचं लढाईत गोळ्या करायला नेली. कोण म्हणायचं व्यापारी नाणी वितळवत्यात, नाण्यापरीस धातूला जास्त पैसं येत्यात. शाळंतलं मास्तर म्हणलं, "अरबांनी तेल अडवलं, त्यामुळे सगळ्या जगात महागाई. कुणी कुणाला काही देईना. जो तो देश आपला डबा झाकून बसलाय."

मावशी किटली हलवत म्हणली, "मास्तर, देशाचं ऱ्हाऊ द्या. हितं लोणावळं सोमाटण्याचं घेईना, त्याचं काय करायचं ते सांगा."

कारण काय झालतं, जो तो आपापली नाणी काढून बसला व्हता. सोमाटण्याच्या फाट्यावर दत्तोबाचं हाटेल हाय बघ, मोठ्या रस्त्याला, मोटारी थांबत्यात तितं. त्यानं तुपाचं पिवळं डबं कापून पत्र्याच्या गोल चकत्या केल्या, वर खिळ्यानं 'द' ठोकला. एक चकती पाच पैसं. लोणावळ्याच्या बाजारात रतनबाईचं किराणा दुकान, जितनं आमी साखर आन पूड आणतो. तिनं पुठ्ठ्याचं तुकडं केलं, वर जांभळा शिक्का. आन बाकीचं लोक सुट्ट्याच्या जागी काय बी द्यायचं, चिक्कीचा तुकडा, काड्याची पेटी, एकानं तर लिंबू दिलं.

मंग मावशीला वाटलं आपुन बी काढावं. आता डोकं बघ तिचं. जवळ काय? सागरगोटं! मला खेळायला आणलेलं परडीभर पडलं व्हतं. म्हणली, "एक सागरगोटा म्हंजे पाच पैसं. गुळगुळीत हाय, फुटत न्हाई, पावसात भिजत न्हाई." मी बी म्हणलं, वा!

तीन दिस लय भारी गेलं. चौथ्या दिशी बारकी पोरं आली, हातं काट्यांनी ओरबाडलेली आन खिसं फुगलेलं. "मावशी, भजी!" पाचव्या दिशी तुजा शिदू आला, खांद्यावर गमच्याचं गाठोडं. धाडकन फळीवर ठिवलं. म्हणला, "मावशी, आता माजी उधारी फेडून घे, आन उरल्यालं जमा धर. वर्षभर च्या पितो."

"कुटनं आणलंस रं मेल्या?"

"कुटनं म्हंजे? झाडावरनं."

अगं, आमच्या डोक्यातच आलं न्हवतं! रानात सागरगोट्याच्या जाळ्याच्या जाळ्या हाईत आन आमी त्याचं पैसं केलं! मावशी आधी लाल झाली, मंग अशी हसत सुटली की किटली उतू गेली. शिदूचं गाठोडं मागं लोटलं बी न्हाई. म्हणली, "चूक माजी. आज जो आला त्येला एकेक च्या. उद्यापासनं सागरगोटा म्हंजे सागरगोटा." पण त्या एका दिसात आमची आठवड्याची साखर गेली, हिरे. आन लोणावळ्यापतुर हसं झालं. रतनबाई मला बघितलं की म्हणायची, "काय येसू, आज कुठल्या झाडाचे पैसे आणलेस?"

मंग मावशीनं कळकाच्या बांबूचं कांडकं कापलं, बोटाच्या पेराएवढं, आन दाभण तापवून त्याच्यावर तीन ठिपकं डागलं. तिच्या हनुवटीवर गोंदल्यालं हाईत ना, तसंच, दोन वर एक खाली. म्हणली, "हे ठिपकं कुणी काढून दाखवावं." ते चाललं. पण गावातच.

आन हितंच आमचं मरण व्हतं. बघ कसं. मी करवंदं घिऊन सोमाटण्याच्या फाट्यावर जायची. लोणावळ्यात करवंदं इकणारी गिऱ्हाइकापरीस जास्ती, म्हणून एष्टीनं तितं. आपली माणसं बी तितल्या वीटभट्टीवर कामाला. मला करवंदाचं काय मिळायचं? चकत्या. गड्यांना सुट्टं म्हणून काय मिळायचं? चकत्या. ते आमच्याकडं च्या प्यायचं आन काय द्यायचं? चकत्या. दुकानात च्या खपतोय, गर्दी हाय, अन् डब्यात नुसता पत्रा. त्यो पत्रा घिऊन रतनबाईकडं साखर मागायला गेलं की ती बोटानं सरकवायची. "हे सोमाटण्यात चालवा. इथे नाही."

एकदा मावशीनं डबा फळीवर ओतला. मला म्हणली, "येसू, अजून दोन बाजार कसंतरी काढू. साखर मिळाली न्हाई तर दुकान बंद, आन तुला भट्टीवर जावं लागंल. मी एकटी तुला काय खाऊ घालू?"

भट्टीवर! आठ म्हयनं विटा वाहायच्या, झोपडीत ऱ्हायाचं. मला रात्री झोपच येईना. सकाळी उठले, पातळाच्या घोळात चकत्या, पुठ्ठं, कांडकं समदं बांधलं आन पयली एष्टी धरली.

दत्तोबा गल्ल्यावर बसल्याला, मिशी तूप लावल्यागत चमकतीय. म्हणलं, "आबा, तुमची चकती आमी घेतो. तुमी आमचं कांडकं घ्या. आन रतनबाईचा पुठ्ठा बी."

"रतनबाईचा?" त्यो गल्ल्यावरनं उठलाच. "त्या बाईचा पुठ्ठा माज्या हाटेलात? तिनं तीन वर्सांमागं मला डाळ दिल्ती पोरी, त्यात डाळीपरीस खडं जास्ती! माज्या गिऱ्हाइकाची दाढ पडली!"

"आबा, दाढ पुठ्ठ्यानं पडली का?"

"तू लय बोलतीस. कुणाची गं तू?"

"कुरवंड्याच्या चिमाबाईची भाची."

"सागरगोटंवाली?" आन हसला की! हाटेलातली समदी हसली. मी बी हसले, काय करणार. पण हसता हसता त्यो म्हणला, "बस. च्या पी. तुज्याकडनं चकती घेणार न्हाई च्याची." हसला म्हंजे ऐकंल, मला कळलं.

तितनं लोणावळ्याला. रतनबाईचं तर अजून तिखट. "दत्तोबा? त्या माणसाने मला अर्धं पोतं सडका कांदा पाठवला होता, आणि वर दाढीचे पैसे मागायला आला."

"दाढीचं न्हाई बाई, दाढंचं."

"तेच ते! मी त्याचा पत्रा हातात धरणार नाही. आणि तो सोमाटण्याहून इथे कधी येईल? मी का जाऊ तिथे?"

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती भाकरी थापत व्हती. म्हणली, "दोघंबी एकमेकाच्या दारात जाणार न्हाईत ना? मंग मधी बोलव, कामशेतच्या बाजारात. तितं दोघंबी परकी." आन मंग म्हणली, "आपण सावड करतो तवा काय करतो गं? तुज्या वावरात मी लावणीला येते, माज्या वावरात तू येतीस. तवा काय त्याच्या तोंडाकडं बघतो व्हय? हाताकडं बघतो. त्या दोघांना सांग, ही पैशाची सावड हाय."

कामशेतच्या बाजारात चिंचंखाली तिघं बसली. मी मधी. पयली अर्धी घटका कांदा आन डाळ. दत्तोबा म्हणतोय खडं, ती म्हणतीय कोंब.  शेवटाला मावशीनं पिशवीतनं कांडकी काढली आन मातीत एकेक मांडली. शंभर. म्हणली, "मी एवढीच कापलीत. वर एक बी न्हाई. मागल्या खेपंला मोजलं न्हवतं, झाडानं शिकवलं. आता तुमी तुमचं सांगा."

 कुणालाच आपण किती कापल्यात ते ठावं न्हवतं! दत्तोबा मिशी चावत म्हणला, "असतील... तीनशे?" रतनबाई म्हणली, "मी वहीत लिहिलंय," आन वही बघितली तर वहीत चारशे आन पिशवीत अजून दीडशे बिनशिक्क्याचं. मावशी हसली न्हाई हां. नुसतं म्हणली, "तर मंग मोजू."

ठरलं काय, तिघांनी दोनशे-दोनशेच बाहेर ठिवायचं. एकाचं दुसऱ्यानं घ्यायचं. दर बाजाराच्या दिशी चिंचंखाली अदलाबदल. ज्याचं कमी पडंल त्यानं मालात द्यायचं: आबानं कांदा, रतनबाईनं साखर, आमी लाकडं आन करवंदं. आन खोटं बोलायचं न्हाई, किती कापल्यात ते तोंडावर सांगायचं. दत्तोबा उठताना रतनबाईला म्हणला, "बाई, कांदा निवडून देईन." ती म्हणली, "डाळ मी स्वतः पाखडते." झालं! तीन वर्सांचं भांडण दोन वाक्यात मिटलं. बाजारातली माणसं बघत व्हती, कुणीतरी म्हणलं, "लगीन ठरलं काय?"

मंग काय सांगू तुला! हिरे, ते वैशाखाचं दिस! पत्रा, पुठ्ठा आन कळक, तिन्ही तिन्हीकडं. भट्टीवरनं आल्याला गडी लोणावळ्यात चकती देऊन मिरची घ्यायचा. मुंबैचं लोक आमची कांडकी आठवण म्हणून घिऊन जायचं, मावशी वरडायची, "अगं मोजल्याली हाईत, परत माग!" नथूच्या लग्नात कुणीतरी आहेर म्हणून अकरा कांडकी दिली, भटजीनं दक्षिणेतला पुठ्ठा परत केला तर रतनबाईनं त्येला गाठून पुठ्ठ्याच्या बदली सुपारी दिली. एष्टीचा कंडक्टर तेवढा घेईना. त्यो तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं लिहून द्यायचा, पंधरा पैसे देणे. आमी त्येला म्हणायचो, "भाऊ, तू बी ये की चिंचंखाली."

आमचा डबा भरला. साखर आली. भट्टीचं नाव निघंना.

आन मंग तो दिस. आता मधी बोलू नगंस हां, आता तुज्या भावाचं हाय.

रेल्वेचा संप चालू व्हता. गाड्या बंद, एष्टी माणसांनी फुटायला आल्याली. मावशी बयाबाईच्या लेकीच्या हळदीला गेल्ती, पलीकडच्या वाडीत. मी एकटी दुकानात. दुपारी तुजा शिदू सोमाटण्याकडनं आला, ट्रकच्या मागं बसून, तोंड धुळीनं पांढरं. पाणी बी मागितलं न्हाई.

"येसू, दत्तोबाचं हाटेल बंद. फळ्या लावल्यात. शेजारचा म्हणला रातीच गाडी करून गेला, बायकू-लेकीला घिऊन. येसू, दत्तोबा पळाला."

"पळाला म्हंजे?"

"पळाला म्हंजे पळाला! आता ही चकती कोण घेणार?" आन त्यानं खिशातल्या चकत्या फळीवर ठिवल्या. "आधी माज्या घे. एवढ्याची भजी दे. न्हाईतर भेळ दे. काय बी दे."

हे त्यानं हळू म्हणायला पायजे व्हतं का न्हाई? मोठ्यानं म्हणला! बाकड्यावर चार जण व्हतं, त्या चारांनी आपापल्या खिशात हात घातला. अर्ध्या घटकंत चाळीस माणूस. भट्टीवरचं गडी, त्यांच्या बायका, आपलं म्हातारं सावळाबाबा, काठी टेकत, मुठीत पाच चकत्या धरून. "येसू, माज्या पयल्या घे गं, मी पळू शकत न्हाई."

डब्यात साखर किती? अर्धा किलो बी न्हवती.  घेते म्हणावं तर साखर संपली, दुकान संपलं, मी भट्टीवर. घेत न्हाई म्हणावं तर उद्या आमचं कांडकं तरी कोण घेणार? पत्रा गेला की पुठ्ठा गेला, पुठ्ठा गेला की कळक गेला. पुन्ना समदं जिथल्या तितं. आन दत्तोबा पळाला का न्हाई हे तरी कुणाला ठावं! बघून येणार कसं, एष्टीत पाय ठिवायला जागा न्हाई.

मी बाकावर चढले. लय घाबरले व्हते. म्हणलं, "मला एक सांगा. सावडीतला माणूस लावणीच्या दिशी आजारी पडला, आला न्हाई, तर त्याच्या वाटणीची पात कोण लावतं?"

कुणीतरी मागनं म्हणलं, "बाकीची लावत्यात. त्यात इचारायचं काय?"

"तो मेला म्हणून सोडून देत्यात?"

"न्हाई. मागनं भरून घेत्यात."

"दत्तोबा आपल्या सावडीत हाय का न्हाई? चिंचंखाली बसला व्हता का न्हाई? तर मंग त्याची पात आज आपण लावायची. चकती मी घेणार. एक बी मागं लोटणार न्हाई. पण साखर संपलीय. ज्येला च्या पायजे त्यानं घरनं काय तरी आणा. गूळ आणा, पूड आणा, दूध आणा, लाकूड आणा. मी उकळत ऱ्हाते."

 चूल तेवढी तडतड करतीय. मला वाटलं, आता हसतील, आता कोण तरी 'सागरगोटा' म्हणंल. तर शिदू वळला आन पळतच सुटला. मी म्हणलं, गेला. पयला हाच गेला.

थोड्या येळानं आला की परत! डोक्यावर गुळाची ढेप. अखंड! घामानं आन गुळानं चिकट झाल्याला, माशा मागं. फळीवर आदळली आन माज्याकडं न बघता म्हणला, "उकळ."

व्हय, तुमचीच ढेप. तुज्या आयनं पंचमीसाठी ठिवल्याली. तिला अजून वाटतंय उंदरांनी नेली. एवढी ढेप नेणारा उंदीर बघायला पायजे एकदा.

मंग काय, दुसरा दूध घिऊन आला, बायका पूड घिऊन आल्या, कोणी आल्याचा तुकडा, कोणी गवती च्या उपटून आणला. सावळाबाबानं नुसती दोन लाकडं आणली, पण छाती काढून. मी चकती घेतेय आन च्या देतेय, घेतेय आन देतेय, हात भाजलं तरी कळंना. कुणीतरी ढोलकी काढली. हळदीहून मावशी परत आली तर वाटंत तिला वाटलं दुकानात लगीन लागलंय. फळीवर चकत्यांचा ढीग बघितला, रिकामा साखरंचा डबा बघितला, मला म्हणली, "किती?" म्हणलं, "चौऱ्याण्णव." म्हणली, "च्या उरलाय का मला?"

तिसऱ्या दिशी दत्तोबा आला! ट्रकमधनं उतरला, हातात पेढ्यांचा पुडा, मिशी सगळी विस्कटल्याली. पळाला न्हवता गं. लेकीला अवघडून कळा लागल्या, रातोरात तळेगावच्या दवाखान्यात नेलं. नात झाली! दोन दिस तितंच बसला व्हता. मी चौऱ्याण्णव चकत्या पुढं ठिवल्या, तर त्यो खालीच बसला बाकड्यावर. म्हणला, "तुमी घेतल्या? समद्या? मी पळालो असं म्हणत असताना?" मावशी म्हणली, "तुमची पात लावली आमी. आता पुढच्या बाजाराला कांदा जास्ती आणा." त्यानं डोळं पुसलं, आन मंग कुणाला दिसू नये म्हणून पेढा खाल्ला. दोन खाल्लं. चकत्या तितंच ऱ्हाऊ दिल्या, म्हणला बाजाराच्या दिशी चिंचंखाली घेतो.

हितं गोष्ट संपली असं तुजी आय सांगंल. आता मला एकटीला ठावं असल्यालं ऐक.

दुसऱ्या दिशी मी चकत्या वढ्यावर नेल्या. गुळानं चिकटल्या व्हत्या समद्या, राखंनं घासल्या. नव्वद चकत्या पाठीमागनं पिवळ्या. दत्तोबाचं तुपाचं डबं पिवळं. आन चार हिरव्या.

हिरवा पत्रा, हिरे. पोपटी न्हाई, गडद, आगगाडीच्या डब्यासारखा. 'द' बी ठोकल्याला, पण वाकडा. मी घासत बसले, घासत बसले, रंग काय जाईना. आन मला आठवलं असा पत्रा गावात कुटं हाय ते. म्हणलं न्हाई, नसंल. तरी तुज्या आयकडं इरजण मागायच्या निमतानं गेले. तुमचं कोंबड्यांचं खुराडं, त्याचा दरवाजा. चार गोल भोकं. आन एका भोकातनं कोंबडी माज्याकडं बघतीय.

हसू नगंस! बरं, हस. मी बी तितं तोंडावर पदर धरून हसले. आन मंग रडायलाच आलं.

शिदू अंगणात दोर वळत व्हता. म्हणलं, "शिदू, कोंबड्यांना वारं लय लागत असंल न्हाई?" त्याचा दोर सुटला हातातनं.  मंग म्हणला, "चार बी सागरगोट्यासारख्याच गंमत म्हणून केल्त्या. त्या दिशी दत्तोबा पळाला म्हणल्यावर घाबरलो, आधी त्याच फळीवर टाकल्या. आन तू बाकावर चढून पात म्हणलीस..." आन सुटल्याला दोर परत वळाय लागला.  त्यानं ढेप का आणली ते मला तितं कळलं.

तू अशी काय बघतीस माज्याकडं? मी तुज्या भावाचं एवढं लांबवून का सांगतेय म्हणून? गप. ते येगळं.

आता बघ. बाजाराच्या दिशी चिंचंखाली तिघं बसली. आता चकत्या दत्तोबाच्या हातात जाणार. सांगितलं तर? दत्तोबा म्हणणार कुरवंड्याची माणसं अशीच, रतनबाई सागरगोटं काढणार, सावड मोडणार, आन शिदूला तर भट्टीवर सुद्धा कोण उभं करणार न्हाई. न सांगितलं तर? उद्या दरवाज्याला चाळीस भोकं. तुज्या भावाच्या न्हाईतर दुसऱ्याच्या. आन तितंच तर आमी ठरवलं व्हतं, खोटं बोलायचं न्हाई.

मी चार हिरव्या कनवटीला खोचल्या आन माज्या करवंदाच्या पैशातल्या चार पिवळ्या चकत्या ढिगात घातल्या. दत्तोबानं मोजलं, चौऱ्याण्णव भरलं. मंग मी म्हणलं, "आबा, बाई, आता समद्या चकत्यांवर, पुठ्ठ्यांवर मावशीचं तीन ठिपकं बी पायजेत. पत्र्यावर खिळ्यानं, पुठ्ठ्यावर दाभणानं. आन आमच्या कांडक्यांवर तुमची खूण. तिघांची खूण असंल तेच खरं."

रतनबाईनं चष्म्यावरनं बघितलं. "का गं? कुणी खोटं काढलं की काय?"

दत्तोबा थांबला. मावशी बी माज्याकडं बघाय लागली. तिची ती नजर तुला ठावं हाय.

मी म्हणलं, "न्हाई बाई. खुणा झिजत्यात ना, म्हणून."

तिघांनी मान डोलावली. आजपतुर तिघांची खूण चालू हाय, चिल्लर परत आली तरी माणसं सोडंनात. शिदूनं खुराड्याला नवा दरवाजा केला, लाकडी. पण चिंचंखाली, ज्यांनी माज्यावर इसवास ठिवला त्यांच्या तोंडावर, मी खोटं बोलले, हिरे. मावशीला अजून सांगितलं न्हाई. कधी वाटतं बरं केलं, कधी वाटतं आत्ता उठावं आन जाऊन सांगावं.

आता बोल, आता मधी बोललीस तरी चालंल. तुजा भाऊ हाय म्हणून नगं, खरं खरं सांग. माज्या जागी तू असतीस, कनवटीला त्या चार चकत्या आन समोर ती तिघं, तर तू काय केलं असतंस?